म्हातारी डुकरीण

अमेरिकेत शिकायला होतो तेव्हा घरमालकीणबाईंच्या अंगणात डेझी नावाची डुकरीण होती. काळी, पोट जमिनीला टेकलेलं, वय 13. एका हिवाळ्यात तिच्या अंगावरून रक्त जायला लागलं. डॉक्टर म्हणाले, गर्भाशयात गाठ आहे, चांगली कलिंगडाएवढी. मुळातच लोंबणाऱ्या पोटात ती कुणाला दिसलीच नव्हती.

डुकराला कॅन्सर? मला तेव्हा ते विचित्र वाटलं. मग वाचायला घेतलं.

खाटिकखान्यासाठी वाढवलेलं डुक्कर साधारण सहा महिने जगतं. हजारो वर्षं माणसानं डुकरं पाळली, पण त्यांना म्हातारं होऊ दिलं नाही. मग म्हातारपणाचे आजार दिसणार कुठून? 1980च्या दशकात कीथ कॉनेल या कॅनडातल्या गृहस्थांनी व्हिएतनामी जातीची डुकरं प्राणिसंग्रहालयांसाठी आणली. तिथून ती अमेरिकेतल्या घराघरांत शिरली. 'लहानच राहतं' म्हणून विकलेलं पिल्लू पुढे 60-70 किलोचं व्हायचं, आणि बरीच बेवारस झाली, तो भाग वेगळा. पण जी घरात टिकली ती पंधरा-पंधरा वर्षं जगली. जॉर्ज क्लूनीचा मॅक्स तर 2006मध्ये गेला तेव्हा 18 वर्षांचा होता.

आणि मग माद्यांमध्ये गाठी दिसू लागल्या. डुकरीण दर 21 दिवसांनी माजावर येते. शेतावर ती गाभण राहते, नाहीतर कापली जाते. घरात मात्र वर्षानुवर्षं नुसता माजच. वयस्क, नसबंदी न झालेल्या माद्यांत गर्भाशयाच्या गाठी खूप आढळतात. म्हणून आता लहानपणीच नसबंदी करायला सांगतात.

गंमत म्हणजे प्रयोगशाळांना डुकराचा कॅन्सर आधीपासून ठाऊक होता. 1949मध्ये मिनेसोटातल्या हॉर्मेल इन्स्टिट्यूटमध्ये छोट्या डुकरांची पैदास सुरू झाली. त्यातूनच आलेल्या सिंक्लेअर जातीच्या काही पिल्लांना जन्मतःच त्वचेचा मेलानोमा असतो आणि बऱ्याचदा तो आपोआप विरतो. काळं डुकरू पांढरं पडत जातं. शास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास केला तो माणसासाठी. डेझीसारख्यांच्या वाट्याला त्यातलं फारसं काही आलं नाही.

लहानपणी नसबंदीची गरज नाही असं डेझीच्या पहिल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. बाईंनी ऑपरेशन करवलं. गाठ सहा किलोची निघाली. डेझी आणखी दोन उन्हाळे जगली. पडलेली सफरचंदं खायला मात्र ती माझ्याकडून ढकलून घ्यायची.