आस्थेला अभ्यासाची जोड

विद्यापीठ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे प्राध्यापक, ग्रंथालय आणि परीक्षा उभ्या राहतात. परंतु गाव सोडून प्रथमच वसतिगृहात राहावयास आलेला मुलगा जेवणघरात रोज एकटाच बसू लागतो, फीच्या विवंचनेत वर्ग चुकवू लागतो, तेव्हा त्याची वास्तपुस्त कोणी करावयाची? शासकीय सेवेत मी पाहिले आहे की, हे काम बहुधा कोणावर तरी अतिरिक्त कार्यभार म्हणून सोपविले जाते. माणूस सुस्वभावी असला की पुरे, ही त्यामागील समजूत. श्रोतेहो, या समजुतीला शंभराहून अधिक वर्षांपूर्वी अमेरिकेतील काही स्त्रियांनी आव्हान दिले. त्यांची हकीकत आज सांगावयाची आहे.

ओहायो राज्यातील ओबर्लिन येथे 1837 मध्ये चार तरुणींना मुलांच्या बरोबरीने पदवीच्या वर्गात प्रवेश मिळाला. पुढे सहशिक्षण विद्यापीठांतून पसरत गेले, आणि विद्यार्थिनींच्या निवासाची, प्रकृतीची व वर्तनाची देखरेख करण्यासाठी 'डीन ऑफ विमेन', म्हणजे विद्यार्थिनींच्या अधिष्ठात्री, हे पद निर्माण झाले. अनेक चालकांना हवी होती ती केवळ एक करडी पालक. पण या पदावर आलेल्यांत कित्येक विदुषी होत्या. आपल्या कामाला ना पूर्वपरंपरा, ना ग्रंथ, ना शिक्षण, ही उणीव त्यांना जाचू लागली.

ती भरून काढण्यास आरंभ झाला न्यूयॉर्कमध्ये. कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात 1913 मध्ये या कार्यासाठी पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला. त्यात मानसशास्त्र होते, समाजशास्त्र होते, कुमारवयातील आरोग्य होते, शिक्षणाचे तत्त्वज्ञान होते आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभवही होता. 1914 मध्ये पहिल्या पदव्या दिल्या गेल्या. विस्कॉन्सिन विद्यापीठातील अधिष्ठात्री आणि इतिहासाच्या अध्यापिका लोइस किंबॉल मॅथ्यूज यांनी 1915 मध्ये या पदावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, तर 1916 मध्ये या स्त्रियांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली.

याच कोलंबियातून 1915 मध्ये एम्. ए. झालेल्या लूसी डिग्स स्लो 1922 मध्ये वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात अधिष्ठात्री झाल्या. कृष्णवर्णीय समाजातील या विदुषीचा आग्रह असा की, अधिष्ठात्री म्हणजे वसतिगृहाची राखणदार नव्हे. तिला शिक्षणतज्ज्ञाचाच मान व अधिकार हवा. त्यासाठी स्वतःच्या विद्यापीठाच्या प्रशासनाशी त्यांना अखेरपर्यंत झगडावे लागले. 1937 मध्ये त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी अमेरिकन शिक्षण परिषदेने एका निवेदनाद्वारे विद्यापीठांना बजावले की, विद्यार्थ्याच्या केवळ बुद्धीचा नव्हे, तर त्याच्या समग्र व्यक्तित्वाचा विचार झाला पाहिजे. या स्त्रिया कित्येक वर्षे जे आचरीत होत्या, त्याचे आता तत्त्व झाले.

कोणी विचारील, माया का कुठे वर्गात शिकविता येते? नाही येत. पण कोणाचे मौन आळसाचे आणि कोणाचे हतबलतेचे, हे ओळखणारी नजर घडविता येते. कोठे स्वतः ऐकून घ्यावे व कोठे वैद्याकडे पाठवावे, हा विवेक शिकविता येतो. परिचारिकेच्या ठायी करुणा असावीच लागते. म्हणून तिला शिक्षण नको, असे आपण म्हणत नाही.

आपल्याकडेही डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने 1949 च्या अहवालात विद्यार्थिकल्याणाचा स्वतंत्र विचार केला. महाराष्ट्राच्या 2016 च्या विद्यापीठ कायद्यात विद्यार्थी विकास मंडळाची तरतूद आहे. कायदा मंडळ स्थापू शकतो, पद निर्माण करू शकतो. परंतु त्या पदावरील माणसाने आपल्या दाराशी येऊन घुटमळणाऱ्या मुलाला काय विचारावे, हे कायद्याच्या कलमात सापडत नाही. ते शिकावेच लागते. आणि ज्यांनी प्रथम हे ओळखले, त्यांनी अधिकाराच्या खुर्चीवर बसल्यानंतरही विद्यार्थिदशा पत्करण्यात कमीपणा मानला नाही.