घोडा, धबधबा आणि न्हाणीघर

गेल्या वर्षी नरकचतुर्दशीच्या पहाटे आमच्या आत्याबाईंनी थंड पाण्याने अभ्यंगस्नान उरकले, आणि त्याला कारण मी झालो. नव्या गीझरवर '२००० वॅट' अशी अक्षरे वाचून, "हा राक्षस घर बुडवणार!" असे आदल्या रात्री मी सर्वांदेखत बोलून गेलो होतो. आत्या काही बोलल्या नाहीत. पहाटे त्यांनी बटणाला हात लावला नाही, एवढेच.

मी मॅट्रिक झालेला, मराठी शिकवणारा मास्तर. कादंबऱ्या लिहितो, आकड्यांशी माझे जुने वाकडे. पण त्या दिवसाची लाज मला शाळेच्या ग्रंथालयात घेऊन गेली.

हा वॅट कोण? जेम्स वॅट. त्याचा विजेशी काडीचा संबंध नव्हता. तो वाफेच्या इंजिनाचा कारागीर. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडातले गिरणीवाले त्याला विचारीत, "तुझे यंत्र किती घोड्यांचे काम करील?" म्हणून त्याने घोड्याचे माप ठरविले : ३३,००० पौंडांचे ओझे एका मिनिटात एक फूट उचलील तो एक घोडा. (आमच्या गावच्या टांग्याच्या घोड्याने हे ऐकून मान फिरवली असती!) तोच अश्वशक्तीचा आकडा आज ७४६ वॅट होतो. म्हणजे आमच्या न्हाणीघरात पावणेतीन घोडे बांधलेले.

पण वाचकहो, घोडा किती जोरकस हे कळले म्हणून त्याने किती काम केले हे कळत नाही. तो किती वेळ जुंपला, हेही पाहावे लागते. वॅट हा कामाचा वेग. बिलातले 'युनिट' म्हणजे हजार वॅटच्या वेगाने तासभर झालेले काम. मी घोड्याची ताकद वाचली आणि तोच चाऱ्याचा हिशेब समजलो.

पाणी तापायला काम किती लागते, हे मोजले जेम्स जूलने. सॅलफर्डच्या एका मद्यनिर्मात्याचा हा मुलगा. १८४० नंतरच्या दशकात त्याने पाण्याच्या भांड्यात वल्ही बसवून ती उतरत्या वजनांनी फिरविली, आणि पाणी किंचित तापते हे दाखविले. किंचितच! १८४७ साली लग्नानंतरच्या प्रवासात आल्प्समध्ये तो थर्मामीटर घेऊन भेटला, धबधब्याचे पाणी खाली पडून किती तापते ते त्याला पाहायचे होते, अशी आठवण थॉमसनने सांगितली आहे. नव्या नवरीचे काय मत पडले, कोण जाणे. १८८२ साली सीमेन्सने वॅट आणि जूल ही दोन्ही नावे मापांसाठी सुचविली. १८८९ साली पॅरिसच्या विद्युत्परिषदेने ती घेतली. त्याच वर्षी ऑक्टोबरात जूल वारला.

आपल्याकडे १९१५ साली टाटांनी लोणावळ्याचे पाणी खोपोलीला उतरवून वीज केली आणि मुंबईच्या गिरण्या चालविल्या. उतार सुमारे सतराशे फुटांचा. जूलच्या हिशेबाने एवढ्या उंचीवरून पडणारे पाणी जेमतेम सव्वा अंश तापेल. म्हणजे एक बादली पंचवीस अंशांनी तापवायची, तर वाटेतली घट सोडूनही वीस बादल्या घाटावरून खाली पडल्या पाहिजेत! ऊब स्वस्त नाही, हे माझे म्हणणे अगदीच चूक नव्हते.

मग कागदावर मांडले. वीस लिटरची बादली, वीस अंशांवरून पंचेचाळीसपर्यंत : सुमारे ०.५८ युनिट. गीझर सतरा-अठरा मिनिटे. आणि आमच्या आकाशकंदिलातला ६० वॅटचा दिवा, त्या रात्री सातपासून पहाटे पाचपर्यंत जळला, तो : ०.६ युनिट. कंदील मीच हौसेने लावला होता.

हा कागद मी आत्यांना वाचून दाखविला. त्यांनी चष्मा पुसला.

"बंबासाठी शेणी मी थापायचे," त्या म्हणाल्या, "पावसाळ्याआधी दोनशे-दोनशे. तेव्हा नाही रे कुणी युनिटं मोजली."

यंदा पहाटे गीझरचे बटण त्यांनी स्वतः दाबले.