नाशिकच्या थिएटरमधली गोळी आणि पेटीचा चोरकप्पा

वाशीकरांना विष्णुदास भावे नाट्यगृह कुठंय हे सांगायला नको. पण नाटकाला जमलेल्या गर्दीतच खून झाला तर? आजची गोष्ट खरी आहे. ती सुरू होते नाशिकला आणि संपते इथून लोकलने अर्ध्या तासावर, ठाण्यात.

२१ डिसेंबर १९०९. नाशिकचं विजयानंद थिएटर. नाटक ‘शारदा’, देवलांचं. विषय काय, तर म्हाताऱ्याशी लावलेलं कोवळ्या मुलीचं लग्न. राजकारणाचा वाससुद्धा नाही! कलेक्टर जॅक्सनची बदली झाली होती आणि हा प्रयोग त्याच्या निरोपाचा. जॅक्सन संस्कृत जाणणारा माणूस, लोक त्याला ‘पंडित’ म्हणायचे. पण बाबाराव सावरकरांवर खटला भरणाराही तोच. बाबारावांना जूनमध्ये जन्मठेप झाली होती.

जॅक्सन थिएटरमध्ये आला आणि अनंत कान्हेरेने त्याच्यावर गोळ्या झाडल्या. जॅक्सन गेला. अनंत तिथेच पकडला गेला. वय साधारण अठरा, औरंगाबादला शिकणारा मुलगा.

म्हणजे खुनी कोण, हा प्रश्नच नव्हता. मला ही केस भारी वाटते ती पुढच्या प्रश्नामुळे: या पोराच्या हातात ब्राउनिंग पिस्तूल आलं कुठून? ते काही नाशिकच्या बाजारात मिळत नव्हतं.

पोलिसांनी माणसं सोडून वस्तूचा माग काढला, असंच म्हणा ना. तो माग थेट लंडनच्या इंडिया हाउसच्या स्वयंपाकघरात पोचला. तिथला आचारी चतुर्भुज अमीन १९०९ च्या मार्चमध्ये मुंबईत उतरला होता. त्याच्या पेटीच्या तळाशी चोरकप्पा, आणि त्यात २० ब्राउनिंग पिस्तुलं! पाठवणारे विनायक सावरकर. कान्हेरेचं पिस्तूल त्या वीसांपैकीच एक. अमीन पुढे सरकारच्या बाजूने साक्षीला उभा राहिला. १३ मार्च १९१० ला सावरकरांना लंडनमध्ये अटक झाली, नाशिक कटाचा खटला ३८ जणांवर चालला, २७ दोषी ठरले.

अनंतचं प्रकरण मात्र तोवर कधीच संपलं होतं. खुनानंतर चार महिन्यांच्या आत, १९ एप्रिल १९१० ला, ठाण्याच्या तुरुंगात त्याला, कृष्णाजी कर्वेंना आणि विनायक देशपांडेंना फाशी दिली. मृतदेहही नातेवाईकांच्या हाती दिले नाहीत.