थंड-ओल्या कामातील त्वचाविकार

थंडीत आणि पाण्यात रोज तासन्‌तास काम केल्याने हातापायांची त्वचा, नखे आणि त्याखालच्या बारीक रक्तवाहिन्या व नसा यांना होणारे विकार. मासळी निवडणे व सोलणे, भातलावणी, बर्फाचे कारखाने, शीतगृहे, खाटीकखाने, दूधप्रक्रिया, धुणीभांडी अशा कामांत ते आढळतात. कातडी पांढरी पडून सोलवटणे, भेगा, इसब, नखुरडे, चिखल्या, बोटांवरच्या लालनिळ्या सुजा आणि जखमेतून शिरणारे जंतुसंसर्ग अशी त्यांची रूपे आहेत. त्यांनी जीव क्वचितच जातो, म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष होते. ज्यांना ते होतात ते ‘काम म्हटलं की हे आलंच’ म्हणून सोसतात, आणि दवाखान्यातही हाताला काय झाले हे पाहिले जाते. हात दिवसभर कशात होते हे विचारले जात नाही. खरे निदान त्या प्रश्नात असते.

त्वचेचा सर्वांत वरचा शृंगी थर मृत पेशींचा असतो आणि त्या पेशींच्या फटी स्निग्ध द्रव्यांनी भरलेल्या असतात. हात बराच वेळ पाण्यात राहिला की पेशी पाणी पिऊन फुगतात, स्निग्ध द्रव्यांची रचना विस्कटते आणि काही प्रमाणात ती धुऊनही जातात. हात कोरडा झाल्यावर त्या थराला पाणी धरून ठेवता येत नाही. तो आक्रसतो, तडकतो. दिवसात अनेकदा भिजणे आणि वाळणे हे म्हणूनच फार घातक. जर्मनीतील नियमांत दिवसाला सुमारे २ तासांहून अधिक वेळ हात ओले राहणाऱ्या कामाला ‘ओले काम’ मानले गेले आणि पाणी आत न शिरू देणारे हातमोजे तितकाच वेळ घालून ठेवणेही त्यातच धरले गेले, कारण मोज्याच्या आत घामाने हात भिजतोच. आपल्याकडच्या मासळीबाजारात ही २ तासांची मर्यादा उजाडायच्या आतच ओलांडली जाते.

थंडीचा परिणाम वेगळ्या वाटेने होतो. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते, त्यामुळे बर्फाच्या पाण्यातला हात त्याच तापमानाच्या हवेतल्या हातापेक्षा फार लवकर गार पडतो. बोटांतल्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात. ५ ते १० मिनिटांनी त्या आपोआप थोड्या उघडतात, पुन्हा मिटतात, आणि हे चक्र चालू राहते. ब्रिटिश वैद्य थॉमस लुईस यांनी १९३० मध्ये या प्रतिक्रियेचे वर्णन केले. वर्षानुवर्षे थंड पाण्यात काम करणाऱ्या मच्छीमारांत ही उघडझाप अधिक जोमाने होते, असे नंतरच्या अभ्यासांत दिसले. शरीर स्वतःला असे सावरून घेते खरे, पण त्यालाही हद्द आहे. बोटांच्या त्वचेचे तापमान १५ अंश सेल्सिअसच्या आसपास आले की ती दुखू लागतात, आणि ७-८ अंशांपर्यंत उतरले की बधिर होतात. बधिर बोटाला टोचलेले कळत नाही. थंड-ओल्या कामातल्या बहुतेक गुंतागुंती इथून सुरू होतात.

मुंबईतील ससून डॉक १८७५ मध्ये बांधला गेला. तिथे आणि कोकण किनाऱ्यावरील इतर बंदरांत मासळी उतरली की कोळंबी सोलण्याचे काम बायकांच्या हाती येते. बर्फात ठेवलेली कोळंबी एकेक उचलायची, डोके मोडायचे, कवच काढायचे, पाठीतला काळा दोरा ओढायचा. मजुरी सोललेल्या मालावर ठरत असल्याने हात थांबवून चालत नाही. कोळंबीच्या डोक्यावरचा दातेरी काटा आणि शेपटीचे टोक बोटांना सतत बारीक टोचते. बर्फामुळे ते त्या वेळी जाणवत नाही; रात्री हात ऊब धरतात तेव्हा ठणका आणि खाज सुरू होते. माशांच्या व कोळंबीच्या रसात प्रथिने पचवणारी विकरे असतात, तीही फुगलेल्या त्वचेतून आत जाऊन दाह करतात. थंडीत ही विकरे मंद असतात आणि हात गरम होताच ती जोर धरतात, म्हणूनही त्रास कामावर कमी आणि घरी जास्त वाटतो. सोलणारीला तो कामाशी जोडणे अवघड जावे, यात नवल नाही.

याच कामात प्रथिनजन्य स्पर्श-इसब होतो. १९७६ मध्ये डेन्मार्कमधील ह्योर्ट आणि रोएड-पीटरसन यांनी अन्नपदार्थ हाताळणाऱ्यांत त्याचे वर्णन केले. मासळी, कोळंबी किंवा मांस हाताला लागताच काही मिनिटांत खाज सुटते, गांधी उठतात, आणि पुढे तिथे जुनाट इसब ठाण मांडतो. रसायनांच्या ठरावीक पट्ट्या पाठीवर चिकटवून केलेल्या चाचणीत हा बहुधा सापडत नाही. ताजा पदार्थच त्वचेवर टोचून पाहावा लागतो.

नखुरडे हा या हातांचा सर्वांत चिवट आजार. नखाच्या मुळाशी असलेली पातळ कातडी ओलाव्याने सुटते आणि नख व त्यावरची कातडी यांच्यात एक फट तयार होते. तिच्यात पाणी, मासळीचा रस, कँडिडा नावाची बुरशी आणि जिवाणू साठतात. नखाची कड सुजते, दाबल्यास पू येतो, नख खडबडीत व आडव्या रेघांचे होते. बुरशीचे मलम दिले जाते, पण मूळ दोष बुरशीचा नसून ओलाव्याचा असतो. हात कोरडे राहिल्याशिवाय ती कातडी पुन्हा जुळत नाही, आणि हाताचे नख मुळापासून टोकापर्यंत नवे यायला सुमारे ६ महिने लागतात. ज्या बाईची मजुरी पाण्यात आहे तिला ‘हात कोरडे ठेवा’ हा सल्ला कसा पाळता येणार, याचे उत्तर मलमाच्या चिठ्ठीत नसते.

टोचलेल्या जागेतून दोन विशेष संसर्ग होतात. पहिला एरिसिपेलॉइड. जर्मन शल्यवैद्य रोझेनबाख यांनी त्याला हे नाव दिले. माशांच्या बुळबुळीत स्रावात राहणाऱ्या जिवाणूमुळे काही दिवसांत बोटावर जांभळट, स्पष्ट कडेचा, जळजळणारा चट्टा येतो. तो साधारण ३-४ आठवड्यांत आपोआप बरा होतो, पेनिसिलिनने लवकर जातो; क्वचित मात्र जिवाणू हृदयाच्या झडपांपर्यंत पोहोचतो. दुसरा मायकोबॅक्टेरियम मरिनम, क्षयाच्या जिवाणूच्या कुळातला. तो १९२६ मध्ये फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयातील माशांत प्रथम सापडला. त्याची वाढ ३० ते ३३ अंशांना उत्तम होते, शरीराच्या ३७ अंशांना नीट होत नाही; म्हणून तो शरीराच्या आतल्या उबदार भागांत क्वचितच पसरतो आणि हातासारख्या गार भागातच मुक्काम करतो. बोटावर एक गाठ, मग हातभर चढत गेलेल्या गाठींची रांग असे त्याचे रूप. साध्या प्रतिजैविकांच्या आठवडाभराच्या कोर्सने ती जात नाही. उपचार काही महिने चालतो.

भातखाचरातले पाणी कोकणात बर्फाइतके थंड नसते, तरी ते इथे नोंदवायलाच हवे, कारण ओलावा एकटाही पुरेसे नुकसान करतो. जुलैच्या लावणीत दिवसभर घोटाभर चिखलात उभे राहिल्यावर पायांच्या बोटांच्या बेचक्यांत कातडी पांढरी, भुसभुशीत होऊन फाटते आणि झोंबते. यालाच चिखल्या म्हणतात. त्यात बुरशी आणि जिवाणू दोन्ही असू शकतात. गावोगाव यावर मेंदी लावतात, टाचांच्या भेगांत भिरंडेल म्हणजे कोकमाचे तेल भरतात. कोकमाचे तेल भेगांसाठी खरोखर चांगले आहे: ते घट्ट असते आणि पाण्याने चटकन निघत नाही. मात्र बोटांच्या बेचक्यांत तेल कोंबू नये. तिथे कोरडेपणाच हवा. चिखल्यांचा मोठा धोका लेप्टोस्पायरोसिसचा. उंदरांच्या मुतातून खाचरात आलेले हे जंतू फाटलेल्या आणि पाण्याने मऊ झालेल्या कातडीतून रक्तात जातात. लावणीच्या दिवसांत पायाला चिखल्या असताना ताप, पोटऱ्यांत तीव्र दुखणे आणि डोळे लाल होणे अशी लक्षणे दिसली तर एक दिवसही घालवू नये.

खऱ्या थंडीच्या विकारांत चिलब्लेन सौम्य: गोठणबिंदूच्या वरच्या दमट थंडीत काही तासांनी बोटांवर लालनिळ्या, खाजऱ्या सुजा येतात आणि २-३ आठवड्यांत ओसरतात. रेनोच्या विकारात थंडीने बोटे पांढरीफटक पडतात. मॉरिस रेनो यांनी १८६२ मध्ये त्याचे वर्णन केले. सर्वांत गंभीर ट्रेंच फूट. ० ते १५ अंशांच्या ओलाव्यात पाय दिवसच्या दिवस राहिले की नसा आणि रक्तवाहिन्या निकामी होतात, आणि बरे झाल्यावरही वेदना वर्षानुवर्षे राहू शकते. नेपोलियनचा शल्यवैद्य लारे याने १८१२ च्या रशियन माघारीत असे पाय पाहिले होते. पहिल्या महायुद्धात, १९१४ च्या हिवाळ्यात, फ्लँडर्सच्या खंदकांत याने हजारो सैनिक जायबंदी केले. भारतीय कोअर तेव्हा त्याच आघाडीवर होती आणि तिच्यात खडकीच्या सॅपर्सच्या, म्हणजे लष्करी अभियंत्यांच्या, २ कंपन्याही होत्या. ब्रिटिश सैन्याने यावर औषध शोधले नाही. रोज मोजे बदलणे, पायांना तेल चोळणे, खंदकात लाकडी फळ्या टाकणे हे हुकमाने लागू केले आणि तुकडीतील पायांची जबाबदारी अधिकाऱ्यावर टाकली. रुग्णसंख्या घटली.

कामाच्या ठिकाणी प्रतिबंध याच धर्तीचा असायला हवा. सुती अस्तरावर रबरी मोजा, अस्तर भिजले की बदलणे, उभे राहायला ओल्या जमिनीऐवजी फळी, ठरावीक अंतराने हात कोमट पाण्यात धरून कोरडे पुसण्याची सुट्टी, कामाआधी व नंतर घट्ट स्निग्ध मलम. हे खर्चिक नाही, पण नगावरच्या मजुरीत सुट्टी म्हणजे कमाईतली तूट, त्यामुळे सुट्टीचे पैसे धरल्याशिवाय ती कागदावरच राहते. जाड मोज्याने कोळंबी पकडता येत नाही ही तक्रार खरी आहे. तळवा झाकून बोटांना पातळ नायट्राइल हा निदान मधला मार्ग आहे. रबरातल्या लॅटेक्सची किंवा रबर पक्के करणाऱ्या रसायनांची काहींना ॲलर्जी होते, तेव्हा मोजाच इसबाचे कारण ठरतो. गारठलेला हात शेगडीवर किंवा कढत पाण्यात धरू नये. बधिर कातडीला भाजलेले समजत नाही. मधुमेह किंवा कुष्ठरोगामुळे संवेदना आधीच गेलेल्यांना हा धोका आणखी मोठा.

१९४८ च्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीतील सूचनापात्र रोगांत रसायने व रंग यांच्या थेट संपर्काने होणारा त्वचादाह होता. पाणी आणि थंडी यांचा उल्लेख त्यात नव्हता. कामगार नुकसानभरपाईच्या १९२३ च्या कायद्याची अनुसूची अधिक उदार होती: तिच्यात भौतिक, रासायनिक वा जैविक कारणांनी होणारे, इतरत्र न आलेले त्वचारोग धरले होते, म्हणजे बर्फाने आणि मासळीच्या रसाने झालेला विकार तिच्यात बसू शकत होता. भरपाई मिळवायला मालक कोण, काम किती काळ केले, हे दाखवावे लागते. हजेरीपुस्तकात नाव नसलेल्या सोलणारीकडे तो कागद नसतो. म्हणून तपासणाऱ्या डॉक्टरने केसपेपरवर व्यवसाय, रोजचे ओले तास आणि त्रास कधीपासून, एवढे तरी लिहावे. पुढे तोच तिचा पुरावा होऊ शकतो.