आभासी यंत्राच्या कल्पनेचा उगम

एकाच संगणकावर ऑपरेटिंग सिस्टिमच्या अनेक प्रती एकाच वेळी चालविण्याची पद्धती अलीकडची होय, असा समज विद्यार्थिवर्गात पुष्कळदा आढळतो. तो तपासून पाहण्याजोगा आहे.

१९६४ साली एम. आय. टी. ने आपल्या ‘प्रोजेक्ट मॅक’साठी आय. बी. एम. ला डावलून जनरल इलेक्ट्रिकचे यंत्र निवडले. अनेकांनी एक यंत्र वाटून वापरावयाचे, तर स्मृतीतील पत्त्यांचे रूपांतर करणारी रचना हवी. सिस्टिम/३६० मालिकेत ती नव्हती. त्याच वर्षाच्या अखेरीस मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथील आय. बी. एम. च्या वैज्ञानिक केंद्रात रॉबर्ट क्रीसी व लेस कोमो ह्यांनी ‘सीपी-४०’ची आखणी आरंभिली. जानेवारी १९६७ पासून ती नित्य वापरात आली. तीत चौदा आभासी यंत्रे चालत.

क्रीसी-कोमो ह्यांचे वैशिष्ट्य कार्यविभागणीत आहे. नियंत्रक प्रणालीने केवळ यंत्राची वाटणी करावी. वापरणाराची सेवा ‘सीएमएस’ ह्या एकट्यापुरत्या साध्या प्रणालीने करावी. आतील प्रणालीने विशेषाधिकाराची आज्ञा दिली की यंत्र तिला अडवी व नियंत्रक तिचे अनुकरण करी. ह्याउलट सर्व भार एकाच प्रणालीवर टाकणारी ‘टीएसएस/३६०’ ही कंपनीची अधिकृत योजना रखडली. लहानशा गटाची कृती मात्र ‘सीपी-६७’ ह्या रूपाने टिकली आणि १९७२ साली ‘व्हीएम/३७०’ म्हणून राजमान्य झाली.

१९७४ मध्ये पोपेक व गोल्डबर्ग ह्यांनी ह्या अनुभवास सिद्धान्ताचे रूप दिले : यंत्राच्या स्थितीला स्पर्श करणारी प्रत्येक आज्ञा अडविता येत असेल, तर असा नियंत्रक रचता येतो. इंटेलच्या एक्स८६ प्रक्रियकांनी हा नियम पाळला नाही. त्यांच्या काही आज्ञा न अडता निराळाच परिणाम घडवीत. म्हणून १९९९ साली व्हीएमवेअरला आतील प्रणालीच्या आज्ञांचे चालू असतानाच भाषांतर करावे लागले. यंत्रातच सोय झाली ती २००५-०६ मध्ये, इंटेल व एएमडी ह्यांच्याकडून.

तेव्हा साधन एकच असले, तरी प्रयोजन पालटले, हे ध्यानी घ्यावयास हवे. साठोत्तर काळात एक महागडे यंत्र अनेक माणसांत वाटावयाचे होते. पुढे अर्धवट रिकामी राहणारी अनेक स्वस्त यंत्रे एकात सामावून घ्यावयाची होती. साधनाचा इतिहास प्रयोजनाच्या इतिहासावाचून लिहिला, तर मधल्या काळातील हे विस्मरण उलगडत नाही.