पुण्याचा नाक घडविणारा कुंभार

नाक कापलें जाणें हा आपल्या भाषेंत आजही अब्रूचा प्रश्न आहे. परंतु एके काळीं तो नुसता वाक्प्रचार नव्हता. चोर, व्यभिचारी, युद्धांतला कैदी अशांचें नाक शस्त्रानें खरोखरच उतरविलें जाई. ही शिक्षा देणारे मोठे धूर्त असले पाहिजेत. तुटलेला हात बाराबंदीच्या अस्तनींत झांकतां येतो. तुटलेलें नाक मात्र भेटेल त्याला स्वतःची कथा सांगत राहातें. ज्या देशांत अशी शिक्षा रूढ होती, त्याच देशांत गेलेलें नाक पुन्हां घडविणारे कारागीरही निर्माण झाले, यांत नवल तें काय?

अशाच एका कारागिराची कीर्ति पुण्याहून थेट लंडनपर्यंत गेली. इंग्रज, निजाम आणि मराठे यांनीं मिळून टिपूशीं जें युद्ध केलें, तें 1792 सालीं संपलें. त्या युद्धांत इंग्रजी फौजेबरोबर बैल हांकणारा एक मराठा शेतकरी टिपूच्या हातीं सांपडला. त्याचें नाक आणि एक हात कापून त्याला सोडून देण्यांत आलें. इंग्रजी वृत्तांतांत त्याचें नांव ‘कावसजी’ असें छापलें आहे. मराठा शेतकऱ्याच्या घरीं हें पारशी वळणाचें नांव कोठून आलें, हें तो लिहून घेणारा साहेबच जाणे! कंपनी सरकारनें त्याला पेन्शन दिलें. वर्षभराहून अधिक काळ तो नाकाविना वावरला आणि मग पुण्याजवळच्या एका माणसानें त्याला नवें नाक करून दिलें. हा माणूस वैद्य नव्हता, शास्त्रीही नव्हता. वृत्तांतांत त्याची जात वीट करणाऱ्याची सांगितली आहे; आपल्या बोलींत, तो कुंभार होता.

मुंबई इलाख्याचे दोन इंग्रज डॉक्टर, टॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले, यांनीं ही क्रिया डोळ्यांनीं पाहिली. प्रथम कारागीर मेणाची पातळ पापडी घेऊन उरलेल्या नाकावर बसवी व तिला सुरेख नाकाचा आकार देई. मग ती पापडी सपाट करून कपाळावर ठेवी व तिच्या कडेनें रेघ ओढी. मेणाचें काम तेवढ्यानेंच संपे. रेघेच्या आंतली कातडी तो शस्त्रानें सोडवी. मात्र दोन भुवयांच्या मध्यें एक अरुंद पट्टी न तोडतां तशीच राखी. जुन्या नाकाच्या कडा खरडून ताज्या करी, भोंवतीं खांच पाडी, आणि कपाळावरची कातडी अर्धा वेढा देऊन खालीं आणून त्या खांचेंत बसवी. टांका नाहीं, सुई नाहीं. पाण्यांत कालवलेला काथ लावलेल्या पांच-सहा चिंध्या एकावर एक ठेवल्या कीं सांधा पक्का. चार दिवसांनीं त्या काढून तुपांत भिजविलेलें फडकें ठेवीत. रोगी पांच-सहा दिवस उताणा निजून राही, दहाव्या दिवशीं नाकपुड्यांत मऊ कापडाचे बोळे घालीत, आणि सुमारें पंचविसाव्या दिवशीं ती राखलेली पट्टी तोडून टाकीत. आजच्यासारखें गुंगीचें औषध तेव्हां नव्हतें, हें श्रोत्यांनीं विसरूं नये.

सगळें मर्म त्या पट्टींत आहे. श्रोत्यांनीं आपल्या भुवयांच्या मध्यें बोट ठेवून पाहावें. तेथूनच कपाळाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या नव्या नाकाला जगवितात. कातडी साफ तोडून चिकटविली असती तर ती बहुधा काळी पडून गळली असती. नव्या जागीं रक्ताचा ओघ सुरू होईपर्यंत जुना ओघ तोडावयाचा नाहीं, हें त्या कुंभाराला कोणत्याही पोथीवांचून ठाऊक होतें.

पोथीवांचून हा शब्द मुद्दामच वापरला आहे. नाकाची शस्त्रक्रिया निघाली कीं सुश्रुताचें नांव घेण्याची आपल्याकडे रीत आहे, आणि तें योग्यही आहे. वेलीच्या पानानें माप घेणें, कातडी जोडलेली ठेवून फिरविणें, नाकपुड्यांत नळ्या घालणें, हें सर्व सुश्रुतसंहितेंत आहे. परंतु सुश्रुत कातडी गालावरून घ्यावयास सांगतो आणि पुण्याचा कुंभार ती कपाळावरून घेतो. पानाच्या जागीं मेण आलें तेंही निराळेंच. या कारागिरांनीं ग्रंथ वाचून नव्हे, तर हातावर हात फिरवून ही विद्या शिकली व वाढविली, असेंच मानावें लागतें.

त्या वेळीं पेशव्यांच्या दरबारांतील मंडळींचीं चित्रें काढणारा जेम्स वेल्स नांवाचा चित्रकार पुण्यांत होता. त्यानें नव्या नाकाच्या या माणसाचेंही चित्र काढलें. तें चित्र आणि क्रियेचें वर्णन ऑक्टोबर 1794 च्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्यें लंडनला छापलें गेलें. तेथें काथाला ‘जपानची माती’ म्हणत. जोसेफ कार्प्यू या शस्त्रवैद्यानें हें वर्णन मनांत धरून हिंदुस्थानांत राहून आलेल्या लोकांकडे चौकशी केली, प्रेतांवर सराव केला, आणि 23 ऑक्टोबर 1814 रोजीं एका सैनिकी अधिकाऱ्यावर तीच क्रिया यशस्वीपणें केली. 1816 सालीं त्याचें पुस्तक निघालें. दोनच वर्षांनीं बर्लिनच्या ग्रेफेनें या विषयावर जर्मन ग्रंथ लिहिला, आणि कपाळावरून नाक करण्याच्या रीतीला युरोपांत ‘हिंदी पद्धति’ हें नांव पडलें.

रोग्याचें नांव राहिलें, पाहणाऱ्यांचीं राहिलीं, चित्रकाराचें राहिलें. करणाऱ्याचें तेवढें राहिलें नाहीं. दोष केवळ इंग्रजांचा नव्हे. त्या काळीं पुण्यांत बखरी लिहिल्या जात, दक्षिणेच्या याद्या होत, विद्वानांची नांवनिशी बारकाईनें ठेवली जाई. कुंभाराच्या शस्त्रविद्येची नोंद करावी, असें कोणासही वाटलें नाहीं. विद्या घराण्यांत राही आणि घराणें खुंटलें कीं तिच्यासह जाई.

पुढें विसाव्या शतकांत हा धागा महाराष्ट्रांत पुन्हां जुळला तो निराळ्या रीतीनें. इंग्लंडांत सर हॅरॉल्ड गिलीज यांच्या हाताखालीं शिकलेले डॉ. नोशिर अंतिया (1922–2007) परतल्यावर पुण्याजवळच्या कोंढव्याच्या कुष्ठरुग्णालयांत काम करूं लागले आणि पुढें मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत त्यांनीं या शास्त्राचा विभाग उभारला. कुष्ठांत बहुधा नाकाची वरची कातडी शाबूत राहाते, पण आंतलें अस्तर व आधार झिजून नाक बसतें. म्हणून तेथें कपाळाला हात न लावतां आंतून नवें अस्तर द्यावें लागतें. कर्करोगानें वा अपघातानें नाकच गेलें असेल तर मात्र शस्त्रवैद्य आजही कपाळाकडेच वळतात, आणि भुवयांमधली ती पट्टी सुमारें तीन आठवड्यांनींच तोडतात.