घरचा आड, घरची पेटी

मराठवाड्यातल्या जुन्या माणसांची एक शिकवण आहे : घरात नळ आला म्हणून आड बुजवू नये. नळाला पाणी कधी सोडायचे हे नगरपालिका ठरवते आणि आडाला कधी आणायचे हे देव ठरवतो. दोघेही कुणाचे ऐकत नाहीत. पण देव निदान पाणीपट्टीची नोटीस पाठवत नाही.

हा आड आता पाण्यापुरता राहिलेला नाही. आमच्या अंबाजोगाईच्या घरात फ्रीजशेजारी एक जुना संगणक रात्रंदिवस चालू असतो. त्याला ना पडदा, ना कळफलक. पुण्याच्या पुतण्याने त्यात लिनक्स घातले आणि त्याला 'सर्व्हर' अशी पदवी दिली. आमची ही त्याला 'पेटी' म्हणते, आणि तेच नाव घरात रूढ झाले. त्या पेटीत वडिलांच्या चोपड्यांचे फोटो आहेत, शेताचे कागद आहेत आणि माझ्या आईच्या जात्यावरच्या ओव्या आहेत. आई गेली, तिचा आवाज चार कॅसेटींत उरला होता, आणि कॅसेट वाजवणारे यंत्र आता भंगारवाल्याकडेसुद्धा मिळेनासे झाले आहे.

"एवढा खटाटोप कशाला? क्लाऊडवर ठेवा की!" असे सांगणारे हितचिंतक गल्लीत पुष्कळ आहेत. क्लाऊड म्हणजे ढग. ढगाच्या भरवशावर कागदपत्रे ठेवायची ही कल्पना ज्याला सुचली, तो बीड जिल्ह्यात जन्मला नसणार. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या ढग बघत आलो. ते येतात, गरजतात आणि दुसऱ्याच्या शिवारात जाऊन पडतात. शिवाय हा ढग म्हणजे तरी काय? दूरवरचा, दुसऱ्याच्या मालकीचा संगणकच. फोटोंसाठी अमर्याद फुकट जागा देणाऱ्या एका बड्या कंपनीने १ जून २०२१ पासून ती सोय आवरती घेतली. दुसऱ्याच्या विहिरीवर घागर न्यायची, तर रहाट त्याचा आणि मर्जीही त्याचीच!

लिनक्सची कुळकथा मोठी गमतीची आहे. मूळ पुरुष युनिक्स. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत १९६९ साली केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची या जोडीने त्याला जन्म दिला. पुढे १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन नावाच्या हट्टी गृहस्थाने जाहीर केले की, प्रोग्राम हे ज्ञान आहे, ते वाटता आले पाहिजे; आणि 'जीएनयू'चा संसार मांडला. १९९१ साली हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने त्या संसाराला गाभा दिला, तोही 'हा आपला एक छंद आहे, फार मोठे काही नाही' अशा सुरात. आज जगातल्या सर्वांत वेगवान ५०० संगणकांच्या यादीतला प्रत्येक संगणक लिनक्सवर चालतो. आमच्या पेटीतले लिनक्स 'डेबियन' कुळातले. १९९३ साली इयन मर्डॉकने प्रेयसी डेब्रा हिचे नाव पुढे आणि आपले मागे जोडून ते नाव केले. आपल्याकडे असली नावे फक्त लग्नातल्या भांड्यांवर घालतात.

पुतण्याने जाताना सूचनांचा एक कागद दिला. तो वाचल्यावर माझ्या लक्षात आले, की यात फिनलंडचे काही नाही. हे सगळे बीड जिल्ह्याने कधीच शिकवून ठेवले आहे.

पहिली सूचना विजेची. शेजारच्या परळीत १९७१ साली औष्णिक वीजकेंद्र सुरू झाले. ते २०१३ च्या दुष्काळात पाणी नाही म्हणून बंद ठेवावे लागले. ज्यांच्या जिल्ह्यात वीजकेंद्रालाच तहान लागते, त्यांनी वीज गृहीत धरू नये. म्हणून पेटीला यूपीएस हवा. पण नुसता हवा असे नाही, तर त्याची एक वायर पेटीला जोडून 'वीज गेली, आवरते घे' असा निरोप पोचला पाहिजे. लिहिताना कुणी हात ओढला तर अक्षर बिघडते, तसे अचानक वीज गेली की डिस्कचे होते. वीज आली की पेटीने आपोआप उठावे अशीही सोय संगणकात असते, ती चालू करून ठेवावी. खर्चाचा हिशेबही आधी करावा. ६० वॅटचा संगणक महिन्याला ४३ युनिटे खातो. तळहाताएवढा ५ वॅटचा संगणक साडेतीन युनिटांत भागवतो. आमच्या हिने हा हिशेब एकदाच ऐकला आणि जुना संगणक किती दिवस ठेवायचा ते ठरवून टाकले.

दुसरी सूचना साधेपणाची. बीडजवळची खजाना विहीर निजामशाहीच्या काळातली, सोळाव्या शतकातली. सलाबतखानाने ती बांधवली. रचना राजा भास्कर यांची. तिथे मोट नाही, मोटार नाही. जमिनीखालच्या नहरीतून पाणी उताराने आपले आपण शेतांकडे जाते. मोडायला फारसे काही ठेवलेच नाही, म्हणून ती टिकली. सर्व्हरचेही तेच. जुनी, स्थिर आवृत्ती घ्यावी, सुरक्षेच्या दुरुस्त्या आपोआप बसू द्याव्यात, आणि रोज नवा प्रोग्राम चढवून बघण्याची हौस आवरावी. पडद्यामागे गुपचूप राबणाऱ्या प्रोग्रामांना लिनक्समध्ये 'डीमन' म्हणतात. जितकी भुते कमी, तितके घर शांत. पेटीचे दार थेट रस्त्यावर उघडू नये हेही त्यातच आले. परगावाहून घरचे कागद बघायचे, तर वायरगार्डसारखा खासगी बोगदा करून यावे आणि पासवर्डाऐवजी किल्ली वापरावी.

तिसरी सूचना नकलांची. जुलै १९८९ मध्ये बिंदुसरेला पूर आला आणि ती बीड शहरात शिरली. पाण्याने कपाटे उघडताना हा मूळ कागद आणि ही नक्कल, असा भेद केला नाही. एकाच घरातल्या दोन प्रती पुराच्या दृष्टीने एकच असतात. म्हणून जाणते सांगतात : प्रती तीन, दोन वेगवेगळ्या साधनांवर, त्यातली एक परगावी. एका पेटीत दोन डिस्क जोडून एकीचे दुसरीत आपोआप उमटवले, तरी तो बॅकअप नव्हे. कारण चुकून पुसलेलेही दोन्हीकडून तत्परतेने पुसले जाते. आमची तिसरी प्रत पुण्याला पुतण्याकडे असते. वर्षातून एकदा ती आणवून खरेच उघडते का ते बघतो. न उघडून पाहिलेला बॅकअप म्हणजे न मोडून पाहिलेली मुदतठेव.

चौथी सूचना मात्र पुतण्याच्या कागदावर नव्हती. ती आमच्या गावचे दासोपंत (१५५१–१६१५) देऊन गेले आहेत. त्यांचा गीतार्णव सव्वा लाख ओव्यांचा. रोज एका ढब्बू पैशाची शाई लागे असे सांगतात. पण मला जास्त नवल वाटते ते त्यांच्या पासोडीचे. सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद कापडावर त्यांनी 'पंचीकरण' लिहिले. चारशे वर्षांनंतरही ती पासोडी अंबाजोगाईत आहे. तिला वीज लागली नाही, दुरुस्त्या लागल्या नाहीत. लागली ती माणसे. दासोपंतांनी लिहिले एकट्याने, पण जपले घराण्याने. आपल्या घरात काय आहे, कुठे आहे आणि ते का जपायचे, हे प्रत्येक पिढीने पुढच्या पिढीला सांगितले.

घरच्या सर्व्हरची खरी मेख इथेच आहे. पेटी बंद पडत नाही असे नाही. पण ती बंद पडण्याआधी, ती चालवणारा एकमेव माणूस बंद पडण्याचा संभव अधिक. माझे वय बघता तर फारच. तेव्हा मी दोनशे पानी वही घातली आहे. पेटी कशी उठवायची, किल्ल्या कुठे आहेत, तिसरी प्रत कुणाकडे आहे, सगळे शाईने, मराठीत. आमच्या हिने वही वाचून पेटी स्वतःच्या हाताने एकदा बंद केली, पुन्हा चालू केली आणि सासूबाईंची ओवी लावून दाखवली. मग म्हणाली, "अहो, या वहीचीसुद्धा एक नक्कल काढून ठेवा."